भरल्या ताटावरून उठलेला प्रशिक्षक

२९ नोव्हेंबर २०२१, सोमवारची रात्र. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल खेळाडू फोनवर एक बातमी वाचत होते. त्यांचे मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत, चालले होते. थोड्या वेळाने केलींचा संदेश आला. बातमी आपल्याआधी माध्यमांतून कळली याबद्दल त्यात दिलगिरी होती, आणि सकाळी सातला भेटू असा निरोप होता. सकाळची ती भेट काही मिनिटांतच आटोपली. बारा हंगामांचा संबंध तिथे संपला.

दोनच दिवसांपूर्वी या मुलांनी स्टॅनफर्डला ४५-१४ असं हरवून नियमित हंगाम ११-१ असा, म्हणजे अकरा विजय आणि एक पराभव असा, संपवला होता. राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळण्याची आशा अजून जिवंत होती. मराठीत आपण ज्याला भरल्या ताटावरून उठून जाणं म्हणतो, ते हेच.

या लेखात ज्यांनी करारांवर सह्या केल्या किंवा जाहीरपणे निर्णय घेतले, त्यांचीच नावं आहेत. खेळाडूंपैकी कोणाचंही नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. व्यावसायिक लीग वेगळी, पण दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या कित्येक राज्यांत खरं वेड विद्यापीठांच्या संघांचं. बॅटन रूजमधल्या एलएसयूच्या मैदानावर एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. आपलं वानखेडे तीनदा भरेल एवढी ही गर्दी, आणि तीही विद्यार्थ्यांचा सामना पाहायला.

नोटर डेम हे कॅथलिक, खाजगी विद्यापीठ आहे. संघाची कीर्ती मोठी, पण शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९८८ च्या हंगामातलं. केली २०१० च्या हंगामापासून तिथे होते. त्यांनी संघाला एकदा अंतिम सामन्यापर्यंत आणि दोनदा प्लेऑफपर्यंत नेलं. तिन्ही वेळा मोठ्या फरकाने हार झाली: अलाबामाकडून ४२-१४, क्लेमसनकडून ३०-३, पुन्हा अलाबामाकडून ३१-१४. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी जुने प्रशिक्षक नूट रॉकनी यांचा १०५ विजयांचा विद्यापीठातला विक्रम मागे टाकला. म्हणजे माणूस यशस्वी होता, पण शेवटची पायरी काही चढता येत नव्हती.

ते असे निघून गेल्याची ही पहिली वेळ नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये ते सिनसिनाटी विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. संघ १२-० होता आणि शुगर बोलचा मोठा सामना समोर होता. त्याच महिन्यात, संघाच्या वार्षिक मेजवानीच्या दिवशी, ते नोटर डेमला जात असल्याचं खेळाडूंना कळलं. त्यांच्याविना खेळलेला सिनसिनाटीचा संघ फ्लोरिडाकडून ५१-२४ असा हरला. नोटर डेमचे क्रीडा संचालक जॅक स्वॉरब्रिक यांनीच तेव्हा केलींना नेमलं होतं. बारा वर्षांनी त्याच स्वॉरब्रिक यांच्या दारात तोच प्रसंग उभा राहिला.

इतका पैसा आला कुठून

हे समजल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए या देशव्यापी संघटनेच्या हातात होतं. कोणता संघ किती वेळा दिसणार हे ती ठरवायची. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. विद्यापीठं आणि त्यांचे गट स्वतःचे सामने विकू लागले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत भाव चढतच गेले. बिग टेन या गटाने २०२२ मध्ये केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार ७०० कोटी डॉलरच्या पुढचा आहे.

पण हा पैसा मैदानावर घाम गाळणाऱ्यांना देता येत नव्हता. खेळाडू हौशी, त्यांना फक्त शिष्यवृत्ती, असा नियम. विद्यापीठ ही नफा वाटणारी कंपनी नसल्याने भागधारकांनाही काही द्यायचं नव्हतं. मग आलेला पैसा जाणार कुठे? तो गेला सरावाच्या आलिशान इमारतींत आणि प्रशिक्षकांच्या करारांत. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. प्रशिक्षकांच्या मानधनाचा हा फुगवटा मला त्यांच्या हावेपेक्षा या कोंडीतून आलेला वाटतो. खेळाडूंच्या वाट्याचा पैसाच त्यांच्या करारांत साचला होता.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा संघ बदलला तर वर्षभर बाहेर बसण्याची सक्तीही गेली. प्रशिक्षक मात्र पूर्वीपासून हवं तेव्हा जाऊ शकत होता, आणि जाताच दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकत होता. हा फरक ध्यानात असू द्या.

समस्या

केलींसारखा प्रशिक्षक हंगाम संपायच्या आत का निघतो? पैसा हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. पैसा जानेवारीतही तितकाच मिळाला असता. घाई होती ती वेळापत्रकाची. शाळकरी खेळाडूंना करारबद्ध करण्याचा पहिला मोठा दिवस २०१७ पासून डिसेंबरमध्ये आला आहे. २०२१ मध्ये तो १५ डिसेंबर होता. ज्या विद्यापीठाने प्रशिक्षक काढला आहे, त्याला त्याआधी नवा माणूस हवाच. नाहीतर येणारी मुलं दुसरीकडे सही करून मोकळी होतात. त्यामुळे नेमणुकांचा बाजार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतो, जेव्हा चांगले संघ अजून खेळतच असतात.

एलएसयूने ऑक्टोबरमध्येच एड ऑर्जरॉन यांच्याशी फारकत ठरवली होती. याच ऑर्जरॉननी २०१९ च्या हंगामात संघाला १५-० असं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्यांना जाताना सुमारे १.७ कोटी डॉलर मिळायचे होते. त्यांच्याआधी निक सेबन आणि लेस माइल्स यांनीही एलएसयूला विजेतेपद दिलं होतं. सलग तीन प्रशिक्षक, तिघांच्याही नावावर विजेतेपद. केलींना त्यात काय दिसलं असेल हे उघड आहे: इथे येऊन शेवटची पायरी चढता येते.

बाजारही तापलेला होता. त्याच नोव्हेंबरात मिशिगन स्टेटने मेल टकर यांना दहा वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलर कबूल केले होते. २८ तारखेला लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून लॉस एंजेलिसच्या यूएससीला गेले; आपण एलएसयूला जाणार नाही, असं त्यांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. शब्दशः ते खरंच होतं.

नोटर डेमसमोर आता एक रिकामी खुर्ची होती. पंधरवड्यावर सह्यांचा दिवस होता. आणि वर्तमानपत्रांनी न मोजलेली गोष्ट म्हणजे शंभरावर तरुण मुलांचा विश्वास उडालेला होता.

नोटर डेमपुढचे पर्याय

पहिला पर्याय बाहेरून नावाजलेला माणूस आणण्याचा. सर्वाधिक चर्चा ल्यूक फिकेल यांची होती. ते सिनसिनाटीचे प्रशिक्षक. त्यांनी ऑक्टोबरात नोटर डेमला त्यांच्याच मैदानावर २४-१३ असं हरवलं होतं. हंगामातला तो एकमेव पराभव. पण फिकेल यांचा संघ अजिंक्य होता आणि प्लेऑफच्या उंबरठ्यावर होता. त्यांना त्या आठवड्यात ओढून आणणं म्हणजे स्वतःवर झालेला घाव त्याच सिनसिनाटीवर दुसऱ्यांदा घालणं. थांबावं, तर सह्यांचा दिवस हातचा जाणार.

दुसरा पर्याय हंगामी प्रशिक्षक नेमून जानेवारीपर्यंत निवांत शोध घेण्याचा. कागदावर हा सर्वांत शहाणपणाचा दिसतो. पण दीड महिना अधांतरी ठेवलेल्या संघातून सहायक जातात, येऊ घातलेली मुलं फिरतात, आणि जानेवारीत निवडायला माणूस असला तरी संघ उरत नाही.

तिसरा पर्याय घरातला. मार्कस फ्रीमन हे बचाव फळीचे प्रमुख. वय ३५. मुख्य प्रशिक्षकपदाचा एका दिवसाचाही अनुभव नाही, आणि नोटर डेममध्ये येऊन त्यांना वर्षही पूर्ण झालं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांना सहायक म्हणून एलएसयूही मागत होतं. त्यांनी नोटर डेम निवडलं. आता केली त्यांना सोबत एलएसयूला नेऊ पाहत होते. म्हणजे इथे दिरंगाई झाली असती तर प्रशिक्षकापाठोपाठ त्याचा संभाव्य वारसही गेला असता.

चार दिवस

स्वॉरब्रिक यांनी संघाच्या कर्णधारांशी बोलून त्यांचं मत घेतलं. या प्रकरणातला हा मला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. सोमवारी रात्री ज्या मुलांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांना मंगळवारी कोणीतरी विचारलं. मुलांचा कौल फ्रीमन यांच्या बाजूने होता. आक्रमण फळीचे प्रमुख टॉमी रीस यांनीही राहायचं ठरवलं. ३ डिसेंबरला फ्रीमन यांची नेमणूक जाहीर झाली. ते संघाच्या खोलीत शिरले तेव्हा मुलांनी त्यांना घेरून जो जल्लोष केला, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली.

प्लेऑफची जागा मात्र हुकली. निवड समितीच्या त्या आठवड्याच्या यादीत नोटर डेम सहावं होतं. ४ डिसेंबरला पाचव्या क्रमांकाचं ओक्लाहोमा स्टेट बेलरकडून हरलं, त्यामुळे एक पायरी वर चढता आली. पण चौथ्या जागेवरच्या सिनसिनाटीने ह्यूस्टनला हरवलं आणि जागा राखली. केलींनी बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या संघानेच केलींनी आत्ता सोडलेल्या संघाचा रस्ता अडवला. निवड समितीच्या नियमांत प्रशिक्षकाची अनुपस्थिती विचारात घ्यायची तरतूद आहे. सिनसिनाटी हरलं असतं तर नोटर डेमला तिचा फटका बसला असता का, हा प्रश्न उघडाच राहिला.

एलएसयूचा करार

बॅटन रूजमध्ये केलींना दहा वर्षं आणि साडेनऊ कोटी डॉलर मिळाले, बक्षिसांची रक्कम वेगळी. नेमणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड. याआधी टेक्सस ए अँड एममध्ये असताना त्यांनीच जिंबो फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटींचा पूर्ण हमीचा करार दिला होता.

या करारांची खरी मेख बायआउट नावाच्या कलमात असते. प्रशिक्षक मुदतीआधी गेला तर त्याने विद्यापीठाला भरपाई द्यायची, विद्यापीठाने गंभीर गैरवर्तनाचं कारण नसताना काढलं तर विद्यापीठाने त्याला द्यायची. दिसायला दोन्ही बाजू सारख्या. प्रत्यक्षात जाणाऱ्याची भरपाई बहुतेक वेळा नवं विद्यापीठच भरतं, काढलेल्याची मात्र जुन्यालाच भरावी लागते. केलींच्या करारात कारणाशिवाय काढल्यास उरलेल्या रकमेच्या ९० टक्के द्यायची हमी होती, हप्त्याहप्त्याने, २०३१ पर्यंत. सामने हरणं हे असं कारण धरलं जात नाही.

एलएसयूकडे पर्याय नव्हता असं नाही. हमी पहिल्या तीन-चार वर्षांपुरती ठेवून पुढची रक्कम विजयांशी बांधता आली असती. पण बाजार तापलेला असताना एजंट समोर बसलेला असतो, दुसरं विद्यापीठ फोनवर असतं आणि देणगीदारांना बातमी हवी असते. अशा वेळी हमी कमी करा म्हणणारा आवाज खोलीत उरत नाही.

पुढे काय झालं

नोटर डेमची सुरुवात वाईट झाली. हंगामाअखेरच्या फिएस्टा बोल सामन्यात २८-७ अशी आघाडी घेऊन संघ ओक्लाहोमा स्टेटकडून ३७-३५ असा हरला. पुढच्या हंगामाचे पहिले दोन सामनेही गेले, त्यातला एक घरच्या मैदानावर मार्शलसारख्या छोट्या संघाविरुद्ध. फ्रीमन यांच्यावर टीका झाली; विद्यापीठ हललं नाही. ९-४, मग १०-३, आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर नामुष्की पत्करूनही संघ सावरला. विस्तारलेल्या प्लेऑफमध्ये त्यांनी इंडियाना, जॉर्जिया आणि पेन स्टेटला हरवलं. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात अंतिम सामना ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा गमावला. म्हणजे विजेतेपद फ्रीमननाही मिळालेलं नाही. पण केली साउथ बेंडमध्ये, म्हणजे नोटर डेमच्या गावी, साधनं कमी पडतात असं सुचवून गेले होते, आणि त्यांच्या जाण्यानंतर तिसऱ्या हंगामात संघ त्यांच्याविना अंतिम सामन्यात उभा होता.

केलींची सुरुवात याउलट झकास होती. पहिल्याच वर्षी अलाबामावर ३२-३१ असा विजय आणि दोन हंगामांत प्रत्येकी दहा विजय. पण प्लेऑफ एकदाही नाही. दरम्यान पैशाचं गणितच बदललं. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरच्या मर्यादेत. खर्च वाढला तशी अधीरताही वाढली. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी एलएसयू स्वतःच्या मैदानावर टेक्सस ए अँड एमकडून ४९-२५ असं हरलं, आणि दुसऱ्या दिवशी केलींना काढण्यात आलं. चार वर्षांचा हिशोब ३४ विजय, १४ पराभव. देणं सुमारे ५.४ कोटी डॉलर.

राज्यपाल जेफ लँड्री यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि पुढचा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत असं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी वुडवर्डही गेले. मग तडजोडीची बोलणी फिसकटली, आणि विद्यापीठ म्हणू लागलं की केलींना रीतसर काढलेलंच नाही. केली कोर्टात गेले. नोव्हेंबरअखेर विद्यापीठाने कारणाविना काढल्याचं मान्य केलं. ए अँड एमने फिशर यांना २०२३ मध्ये काढलं, तेव्हाचं देणं साडेसात कोटींच्या पुढे होतं. मूळ करार वुडवर्ड यांच्या काळातला, २०२१ ची वाढ त्यांच्यानंतरची. हा धडा शेजारच्याच राज्यात दोन वर्षं आधी गिरवून झाला होता.

आणि मग ३० नोव्हेंबर २०२५ ला एलएसयूने काय केलं? ओल मिसचे, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचे, प्रशिक्षक लेन किफिन यांना सात वर्षांसाठी ९.१ कोटी डॉलरवर आणलं. ओल मिस ११-१ होतं, आणि त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच प्लेऑफ खेळणार होतं.

वेगळं काय करता आलं असतं

केलींपासून सुरुवात करतो. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. बारा वर्षं दिल्यावर माणसाला दुसरं काम घ्यायचा हक्क आहे. पण संघाला आधी सांगणं त्यांच्या हातात होतं. असे करार एका तासात होत नाहीत. कागदावर सही व्हायच्या आधी एक बैठक, समोर बसून, मुलांचे प्रश्न संपेपर्यंत, एवढं शक्य होतं. सिनसिनाटीचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाकडून तर ते अपेक्षितच होतं. या मुलांच्या घरी बसून, आईवडिलांसमोर, मी याला घडवीन असं सांगून त्यांना आणलेलं असतं. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या पालकांनाही विद्यापीठ निवडताना हा शब्द किती जड असतो ते कळेल.

नोटर डेमने बरंचसं बरोबर केलं, तरी एक त्रुटी दिसते. २००९ ची केलींची पद्धत ठाऊक असूनही त्यांच्या जाण्याची तयारी आधीपासून केलेली दिसली नाही. फ्रीमन तिथे होते हे थोडं नशीब. ते जानेवारीत एलएसयूलाच गेले असते तर डिसेंबरात स्वॉरब्रिक यांच्या हाती काय उरलं असतं?

ओल मिसने या प्रकरणातून काही घेतलं असावं असं मला वाटतं. किफिन यांना प्लेऑफपर्यंत संघ सांभाळायचा होता. क्रीडा संचालक कीथ कार्टर यांनी नाही म्हटलं आणि बचाव फळीचे प्रमुख पीट गोल्डिंग यांना लगेच कायमची जबाबदारी दिली. घरातला माणूस, पूर्ण अधिकार, त्याच दिवशी. संघ प्लेऑफचे दोन सामने जिंकून उपांत्य फेरीपर्यंत गेला.

राहतं वेळापत्रक. ते बदलल्याशिवाय हे दरवर्षी होत राहणार, मग प्रशिक्षक कितीही सज्जन असो. व्यावसायिक एनएफएलमध्ये दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाशी कधी बोलायचं याचे नियम आहेत. विद्यापीठांत हंगाम संपेपर्यंत बोलणी बंद ठेवणं आणि सह्यांचा दिवस पुन्हा फेब्रुवारीकडे नेणं, एवढं केलं तरी नोव्हेंबरची झुंबड ओसरेल. विद्यापीठं हे एकेकटी करणार नाहीत. जो थांबेल तो मागे पडेल. सर्वांनी मिळून केलं तरच होईल, आणि तसं करताना प्रशिक्षकांच्या हक्कांवर गदा येते असा दावा कोर्टात होऊ शकतो, हेही खरं.

खेळाडूंसाठी मात्र असे नियम झालेसुद्धा. संघ बदलायचा तर २०२६ पासून जानेवारीतले पंधरा दिवस. प्रशिक्षक गेला तर नवा नेमल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होणारे आणखी पंधरा. त्यात ठरवायचं, नाहीतर राहायचं. प्रशिक्षकांसाठी अशी मुदत अजून कोणी आखलेली नाही.